पाच वक्त, एक वेळापत्रक: मराठवाड्यात विद्यापीठात नव्याने आलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी

बारावी झाली, प्रवेश झाला की बीड, परभणी, हिंगोलीहून, कन्नड-खुलताबादच्या खेड्यांतून मुलं-मुली औरंगाबादला नाहीतर नांदेडला येतात. पहिले पंधरा दिवस नवलाईत जातात. मग ओढाताण सुरू होते. लेक्चर, प्रॅक्टिकल, मेस, रूमवरचं पाणी, घरचे फोन. पहाटेची फजर हुकते, दुपारची जोहर कशीबशी उरकली जाते, आणि रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटायला लागतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काही जणांनी मनाशी ठरवूनही टाकलेलं असतं की एक तर अभ्यास होईल नाहीतर नमाज होईल.

या समजुतीने चांगली चांगली मुलं दोन्हीकडून मागे पडताना पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय. नमाजचे पाच वक्त (फजर, जोहर, दुपार कलल्यावर असर, सूर्य मावळताच मगरीब आणि रात्री इशा) ठरलेले आहेत, ते कुणाच्या मर्जीने हलत नाहीत. त्यांना खुंट्या समजा आणि बाकीचा दिवस त्यांवर टांगा. सूरह अल-अस्र तीनच आयतींची आहे आणि तिची सुरुवातच काळाच्या शपथेने होते. बुखारी या संग्रहातल्या एका हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचनात) तब्येत आणि मोकळा वेळ या दोन नेमतींबद्दल सांगितलंय की पुष्कळ लोक त्यांच्या बाबतीत तोट्यात राहतात. विद्यार्थ्याकडे एरवी काही असो वा नसो, या दोन गोष्टी असतात.

पहिल्या आठवड्यात: एक कागद तयार करा

कॉलेजचं वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी एका कागदावर उतरवा. शेजारी दुसरा रकाना करा आणि त्यात तीन गोष्टी भरा: रूमजवळच्या मशिदीतल्या जमातीच्या (एकत्र नमाजच्या) वेळा, कॉलेजजवळच्या मशिदीतल्या जमातीच्या वेळा, आणि वर्गापासून तिथे चालत जायला लागणारी मिनिटं. अजान आणि जमात यांत अंतर असतं, आणि ते मशिदीगणिक बदलतं. बोर्डावरच्या वेळांचा फोटो काढून ठेवा. नमाजच्या नियमांच्या हनफी आणि शाफई अशा वेगवेगळ्या परंपरा आहेत: हनफी मशिदीत असरची वेळ उशिरा सुरू होते, शाफई मशिदीत लवकर. आपल्याकडे बहुतेक मशिदी हनफी असल्या तरी चाऊस (अरब वंशाच्या) मंडळींच्या वस्तीत शाफई पद्धत दिसते, त्यामुळे नव्या मोहल्ल्यात गेल्यावर हे विचारून घ्यावं.

गावचं टाइमटेबल शहरात चालत नाही, हेही लक्षात ठेवा. रेखांशाच्या एका अंशाला सूर्याच्या वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. नांदेड औरंगाबादपेक्षा साधारण दोन अंश पूर्वेला आहे, म्हणजे नांदेडची मगरीब औरंगाबादच्या आधी सात-आठ मिनिटं होते. लातूरचा फरक पाचेक मिनिटांचा. रोजा (उपवास) असताना ही मिनिटं महत्त्वाची असतात, म्हणून मोबाइल अ‍ॅपमध्ये शहर बदलायला विसरू नका.

आता ऋतूंचं. औरंगाबादला जूनमध्ये फजरचा वक्त साडेचारच्या सुमारास सुरू होतो आणि सूर्य सातनंतर मावळतो. डिसेंबरात फजर पावणेसहाच्या आसपास जाते आणि मगरीब सहाच्या आधीच होते. असर, हनफी हिशोबाने, डिसेंबरात सव्वाचारनंतर आणि जूनमध्ये पाचनंतर. यावरून दिसेल की अडचणीचा काळ हिवाळ्याचा आहे: पाचपर्यंत प्रॅक्टिकल चाललं तर असर आणि मगरीब दोन्ही दीड तासात येतात, आणि नेमकी तीच गावाकडच्या एसटीची वेळ असते. हिवाळी सत्राचा कागद वेगळा करा. वर्षभर एकच वेळापत्रक वापरणाऱ्याचं नोव्हेंबरात बिनसतं.

दिवस इशानंतर ठरतो

पुष्कळ जण सुरुवात फजरपासून करतात. गजर लावतात, दोन दिवस उठतात, तिसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपतात. इच्छाशक्ती कमी पडली असं त्यांना वाटतं. गडबड आदल्या रात्रीची असते. इशानंतर प्रेषितांना, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, विनाकारण गप्पा पसंत नव्हत्या, हे हदीसमध्ये आलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यांत मात्र इशानंतरच खरी जाग येते. हॉटेलवर चहा, चौकात बसणं, टर्फवर क्रिकेट, आणि रूमवर आलं की मोबाइल. साडेबाराला पाठ टेकली तर साडेचारला कोण उठणार?

म्हणून पहिला महिना फक्त एवढंच करा. इशाच्या जमातीनंतर जेवण (किंवा त्याआधीच), मग उद्याची तयारी दहा मिनिटं: बॅग भरा, उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहा. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा, उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा. उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात अकरा, यापलीकडे जागायचं नाही. या महिन्यात पहाटे अभ्यास झाला नाही तरी चालेल. फजर वेळेवर झाली की बस.

रूममेट हा यातला सर्वांत मोठा भाग आहे. चार जणांच्या खोलीत एकटा साडेदहाला झोपू शकत नाही. खोली घेतानाच झोपेची वेळ विचारा, भाडं विचारता तसं. जमात मिळवणारा एक जरी जोडीदार असेल तर अर्धं काम झालं. दोघांनी एकमेकांना फजरला उठवायचं, आणि उठवल्यावर उठायचं, राग धरायचा नाही.

फजर ते पहिलं लेक्चर

सकाळच्या वेळेत बरकत असावी म्हणून प्रेषितांनी उम्मतसाठी दुआ केली आहे. मराठवाड्यात राहणाऱ्याला तिचा प्रत्यय मार्च ते जून रोज येतो. पत्र्याच्या खोलीत अकरा वाजले की पंखाही गरम हवा फेकतो, दुपारी वाचलेलं डोक्यात शिरत नाही. पहाटे मात्र गारवा असतो, गल्ली शांत असते, मोबाइलवर कुणी बोलत नसतं. उन्हाळ्यात फजरच्या जमातीनंतर कॉलेजला निघेपर्यंत तीनेक तास सहज मिळतात. हिवाळ्यात दीड-दोन.

हा वेळ सर्वांत अवघड विषयाला द्या. असाइनमेंट उतरवून काढणं, जर्नल पूर्ण करणं, ग्रुपवरच्या नोट्स डाउनलोड करणं ही कामं पहाटेची नाहीत, ती थकलेल्या डोक्यानेही होतात. थोडी तिलावत (कुरआनचं वाचन), एक पान असलं तरी चालेल पण रोज, मग चहा आणि मग अवघड विषय. जे अमल थोडं असलं तरी नेमाने होतं ते अल्लाहला अधिक पसंत, ही हदीस अभ्यासालाही लागू करून पाहा: रोजचा एक तास रविवारच्या सात तासांपेक्षा जास्त देतो.

औरंगाबादला नव्याने आलेल्यांना पाण्याचा अनुभव लवकरच येतो. नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हा बहुधा वाटेल त्या वेळी. पाण्याच्या दिवशी पहाटेचा अभ्यास होईल असं धरूच नका. रूममधल्यांनी पाण्याच्या पाळ्या लावून घ्या, म्हणजे प्रत्येकाची एखादीच सकाळ जाईल. आपल्याकडे वेळेच्या नियोजनात पाणी धरावंच लागतं.

कॅम्पसवर जोहर आणि असर

जोहरची चिंता नवे विद्यार्थी उगीच करतात. वक्त साडेबाराच्या आसपास सुरू होतो आणि असरपर्यंत पुरतो, म्हणजे हिवाळ्यातही हनफी हिशोबाने साडेतीन तासांच्या वर. एवढ्यात कुठलंतरी एक लेक्चर संपतंच. जमात साधायची असेल तर जेवणाच्या सुट्टीशी जुळणारी मशीद निवडा.

खरा वेळ वजूत (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यात) जातो, आणि तोही तयारी नसल्यामुळे. बॅगेत तीन वस्तू कायमच्या ठेवा: घडी घालून वहीएवढी होणारी पातळ जानमाज (नमाजची चटई), रबरी चप्पल, छोटा नॅपकिन. बूट-मोजे काढायचे, चप्पल घालायची, बाह्या वर करायच्या, वजू, पुसणं, पुन्हा मोजे. चप्पल नसेल तर ओल्या पायाने बूट घालावे लागतात, मोजे भिजतात, पुढच्या तासाला बसवत नाही, आणि चार दिवसांनी माणूस कंटाळून नमाज रूमवर गेल्यावर कजा करू (वेळ टळल्यावर पढू) लागतो. एवढ्याशा चपलेने वर्षभराची जोहर वाचते. शक्य असेल तर घरूनच वजू करून निघा. पुष्कळ वेळा तो जोहरपर्यंत टिकतो.

जागेसाठी ग्रंथालयाच्या मागची मोकळी जागा, हॉस्टेलची खोली, ओळखीच्या विभागातली रिकामी वर्गखोली, असं पाहावं लागतं. परवानगी लागते तिथे आधी विचारा. जिन्यात किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर जानमाज टाकू नका, इतरांची वाट अडवणं योग्य नाही. मुलींसाठी लेडीज कॉमन रूम सर्वांत सोयीची. ती कुलूपबंद असेल तर किल्ली कुणाकडे असते ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. मोठ्या मैत्रिणींना, आपांना विचारा, त्यांना कॅम्पसचे कोपरे माहीत असतात.

जुम्म्याचं (शुक्रवारच्या दुपारच्या नमाजचं) नियोजन सत्राच्या सुरुवातीलाच करायचं, शुक्रवारी सकाळी नाही. शहरातल्या मशिदींत जुम्म्याच्या खुत्ब्याच्या (प्रवचनाच्या) वेळा वेगवेगळ्या असतात, एकमेकींपासून पाऊण-एक तासाच्या अंतराने. तुमच्या लेक्चरशी जुळणारी मशीद शोधा. शुक्रवारी दुपारच्या बॅचला प्रॅक्टिकल आलं असेल तर बॅचेस पडतानाच, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, विभागप्रमुखांना भेटून बॅच बदलून मागा. तेव्हा हे काम साध्या अर्जाने होतं. नंतर तेच मागायला गेलं तर सगळ्यांची बैठक बदलावी लागते आणि नकार येतो. ७५ टक्के हजेरीची अट आहे, त्यामुळे दर शुक्रवारी एक तास बुडवून भागवणं परवडत नाही. वर्षाच्या शेवटी तोच हिशोब आडवा येतो.

सबक, सबक-पारा, आमुख्ता

मोहल्ल्यातल्या हिफ्ज (कुरआन पाठ) करणाऱ्या मुलाला कधी नीट पाहिलंय? दहा-बारा वर्षांचं लेकरू सगळा कुरआन पाठ करतं, ते हुशारीपेक्षा पद्धतीमुळे. रोज नवा सबक (धडा) उस्तादांना ऐकवायचा. त्यानंतर गेल्या काही दिवसांत जे पाठ केलं ते, म्हणजे सबक-पारा. आणि मग खूप आधी झालेल्या पाऱ्यांपैकी (कुरआनच्या तीस भागांपैकी) काही, तो आमुख्ता. काही मदरशांत त्याला मंजिल म्हणतात. आमुख्ता कच्चा निघाला तर उस्ताद पुढचा सबक देत नाहीत. आणि ऐकवायचं असतं ते मुसहफ (कुरआनची प्रत) बंद करून.

विद्यापीठातल्या अभ्यासाला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत-दिवसांत झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच पहिल्या दिवसांत केलेली उजळणी सर्वांत मोलाची. आपल्या उस्तादांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

करायचं कसं ते एका विषयावर दाखवतो. समजा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलगी आहे आणि सोमवारी वर्गात हायब्रिडायझेशन शिकवलं. मंगळवारी फजरनंतर वही बंद ठेवून ती कोऱ्या कागदावर मिथेन, इथीन आणि इथाइन काढते. मिथेनजवळ एसपी३ आणि १०९.५ अंश, इथीनजवळ एसपी२ आणि १२० अंश. इथाइनपाशी अडते. अणू सरळ रेषेत असतात एवढं आठवतं, कोन आठवत नाही. आता वही उघडून ती १८० लिहिते, लाल पेनने. हा झाला सबक, वीसेक मिनिटांचा. चार-पाच दिवसांनी, असरनंतर, त्याच प्रकरणाचा कागद पुन्हा कोरा करून, लाल खुणा होत्या तिथूनच सुरुवात. हा सबक-पारा. रविवारी जोहरनंतर मागच्या महिन्यातली दोन प्रकरणं, फक्त तोंडी, मैत्रिणीला समजावून सांगायची. हा आमुख्ता. तो कच्चा निघाला तर पुढचा आठवडा नव्या वाचनाला कमी वेळ.

नुसतं पुन्हा पुन्हा वाचून अभ्यास झाल्यासारखा वाटतो, पण परीक्षेत वही बंद असते. एवढी एक सवय लागली तर पहाटेचे दोन तास पुष्कळांच्या दिवसभराइतके होतात.

उर्दू माध्यमातून आलेल्यांनी यात एक भर घालावी. पहिल्या सत्रात विषयापेक्षा भाषेतच जास्त वेळ जातो. लेक्चर इंग्रजीत, ऑफिसचे अर्ज मराठीत, डोक्यातला विचार उर्दूत नाहीतर दखनीत. प्रत्येक विषयासाठी तीन रकान्यांची वही ठेवा: इंग्रजी संज्ञा, मराठी शब्द, उर्दू अर्थ. रोज पाच-सहा शब्द पुरतात. आणि मराठी बोलायला लाजू नका. वर्गातल्या मराठी मित्रांशी मराठीतच बोला, चुकलं तर ते सांगतात. तीन भाषा येणारा विद्यार्थी पुढे स्पर्धा परीक्षेत, कोर्टात, पत्रकारितेत, शिक्षकीत इतरांच्या पुढे असतो.

एसटीतला वेळ

पैठण, फुलंब्री, खुलताबाद, गंगापूरहून रोज येणाऱ्यांचे दोन-तीन तास गाडीत जातात. हलत्या गाडीत वाचू नका, डोकं धरतं. सकाळी जाताना कालचा सबक मनातल्या मनात आठवा, परतीला तस्बीह करा नाहीतर डोळे मिटून घ्या. विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, तो मुदत संपायच्या दोन दिवस आधीच काढून घ्या, महिन्याच्या पहिल्या तारखेला खिडकीवर रांग लागते. हिवाळ्यात मगरीब गाडीत येत असेल तर असर कॅम्पसवर आणि मगरीब स्टँडजवळच्या मशिदीत पढून पुढची गाडी धरणं बरं. अर्धा तास उशीर होतो, पण मन शांत राहतं. लांबच्या प्रवासातल्या नमाजचे नियम आपापल्या आलिमांना एकदा नीट विचारून घ्या.

कागदपत्रं: इथे महिने जातात

मुस्लिम विद्यार्थ्यांच्या वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय कुठे होतो असं विचाराल तर मी मोबाइलच्या खालोखाल तहसीलचं नाव घेईन. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती हुकते, शिष्यवृत्ती हुकली म्हणून कामाला लागावं लागतं, आणि कामामुळे अभ्यास मागे पडतो.

काय काय आहे ते आधी समजून घ्या. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, उच्च व व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. कुठल्याच यादीत नसलेल्यांना उत्पन्नाच्या अटीत बसल्यास ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला मिळतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरी बहीण असेल तर हे आवर्जून सांगा.

ओबीसी जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या शाळेची किंवा महसुलाची नोंद बहुधा उर्दूत सापडते. तिचं भाषांतर लागतं, त्यासाठी दिवस जातात. हे काम प्रवेशाच्या गर्दीत काढू नका, पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर काढा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही त्याच सुमारास. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, ३१ मार्चनंतर नवा लागतो. तो एप्रिलमध्येच काढून ठेवा, जून-जुलैत सेतूवर गर्दी उसळते.

सगळ्या कागदांची एक फाइल, प्रत्येकाची स्वच्छ पीडीएफ, आणि आधारला जोडलेलं स्वतःचं बँक खातं. नाव दहावीच्या सनदीवर, आधारवर आणि पासबुकवर एकसारखं आहे का ते आजच पाहा. शेख आधी का नंतर, मोहम्मद पूर्ण का संक्षिप्त, या एका फरकाने अर्ज परत येतात.

पैशाची निकड असेल तर औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, विभागात चौकशी करा. काम कॅम्पसवरच असल्याने जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, रात्रीच्या नोकरीपेक्षा हे कितीतरी बरं.

घर, दुकान आणि मुलींचा वेळ

गावातच राहून शिकणाऱ्यांना अब्बूंच्या दुकानावर, गाड्यावर बसावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही. पण वेळ ठरवून घ्या: असर ते इशा दुकान, त्याआधी-नंतर नाही. परीक्षेचे दिवस कॅलेंडरवर लाल करून भिंतीला लावा. घरच्यांना सेमिस्टर, इंटर्नल हे माहीत नसतं, तारीख दिसली की समजतं. लग्न, वलीमा, उरूस, पाहुणे, सगळीकडे जाणं होणार नाही. जवळच्या नात्यात जा, बाकीच्यांकडे अम्मी-अब्बू गेले की हजेरी लागते.

मुलींचं वेगळं लिहायला हवं, कारण त्यांचा दिवस दोन पाळ्यांचा असतो. कॉलेजहून आल्यावर भाकरी-सालन, भांडी, धाकट्यांचा अभ्यास. अम्मीशी एकदा शांतपणे बसून ठरवा की फजरनंतरचा दीड तास माझा, त्यात कुणी हाक मारायची नाही, आणि संध्याकाळचं काम माझ्याकडे. असा स्पष्ट सौदा बहुतेक घरांत मान्य होतो, कारण घराला कामाची हमी मिळते. भाऊ असेल तर कामाची वाटणी त्याच्यातही व्हायला हवी. प्रेषित घरातली कामं स्वतः करत, हे हदीसमध्ये आहे, ते त्याला सांगा. आणि ज्या दिवसांत नमाज माफ असते त्या दिवसांत वेळा मोडू देऊ नका. त्याच वेळी उठा, जिक्र-दुआ करा, वही उघडा. नाहीतर दर महिन्याला आठवडाभर घडी विस्कटते आणि पुन्हा बसवायला तेवढेच दिवस जातात.

रमजान आणि उन्हाळी परीक्षा

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला लागला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढची काही वर्षं तो असाच फेब्रुवारी-जानेवारीत सरकत जाईल, आणि २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होईल. म्हणजे सध्या शिकणाऱ्यांना तो उन्हाळी परीक्षांच्या ऐन तयारीत भेटतो. रोजा मात्र छोटा, साधारण तेरा तासांचा, आणि हवा बरी. मेमध्ये रोजे ठेवून परीक्षा दिलेल्या पिढीपेक्षा तुमचं सोपं आहे.

तयारी शाबानमध्येच (रमजानच्या आधीच्या महिन्यात) करा. अवघड प्रकरणं रमजानच्या आधी एकदा पूर्ण व्हावीत, म्हणजे रमजानात फक्त सबक-पारा आणि आमुख्ता उरेल. दिवसाची मांडणी अशी ठेवा: सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) वेळेवर उठा, फजरनंतर झोपू नका, सहा ते नऊ अवघड विषय. दुपारी जोहरनंतर वीस-पंचवीस मिनिटं कैलूला (वामकुक्षी), गजर लावून, नाहीतर असरच जाते. असर ते इफ्तार तिलावत आणि हलकं काम. इफ्तारीला भजी-समोशांवर ताव मारला तर तरावीहमध्ये (रमजानमधल्या रात्रीच्या लांब नमाजमध्ये) उभं राहवत नाही आणि नंतर वाचवत नाही. खजूर, पाणी, फळं, मगरीबनंतर साधं जेवण.

तरावीहसाठी रोज सव्वा पारा होणारी मशीद निवडा. ती दहाच्या आसपास मोकळी होते. मग थेट रूम. रमजानच्या रात्री शहागंज-सिटी चौकात बाजार उजाडेपर्यंत गजबजलेला असतो, मित्र बोलावतात. परीक्षेच्या वर्षी ईदची खरेदी एका दिवशी, यादी करून, उरका. घरच्या कपड्यांचं माप आधीच मागवा.

स्वतःचा कुरआन पूर्ण करायचा असेल तर पंधरा ओळींच्या मुसहफमध्ये एक पारा वीस पानांचा असतो. प्रत्येक नमाजनंतर चार पानं, पाच वक्तांत एक पारा. एका बैठकीत वीस पानांचा आग्रह धरला तर दोन दिवसांत बॅकलॉग तयार होतो. आजारी असाल, औषधं चालू असतील तर डॉक्टर आणि आलिम दोघांनाही विचारा, मनाने ठरवू नका.

सुट्ट्या

उन्हाळी परीक्षा संपली की दीड-दोन महिने हातात असतात. पहिला आठवडा झोपा, घरच्यांत राहा. मग तीन गोष्टींपैकी एकच निवडा: सरकारी टायपिंगची परीक्षा (मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, लिपिकाच्या भरतीला हे लागतंच), पुढच्या वर्षाच्या अवघड विषयाचं एक प्रकरण, किंवा कुरआनचे काही पारे तरजुम्यासह (भाषांतरासह). तिन्ही घेतल्या तर एकही होत नाही.

कॉलेज उघडण्याआधी जुना कागद काढा, नव्या वेळापत्रकासमोर ठेवा. जमातीच्या वेळा बदलल्या आहेत का ते मशिदीत जाऊन पाहा, उत्पन्नाचा नवा दाखला फाइलला लावा, पास काढा. आणि यंदा गावाकडून जे नवं लेकरू तुमच्या रूमवर येईल, त्याला पहिल्याच दिवशी कॉलेजजवळच्या मशिदीची वाट आणि वजूची जागा दाखवून या.